ग्रीक समुद्रातले राक्षस एकमेकांत न मिसळता कसे ओळखायचे

स्किलाचा आवाज कसा होता माहितीये? नुकत्याच जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखा. पाय बारा, लांबलचक माना सहा, प्रत्येक मानेवर एक भयंकर डोकं, प्रत्येक तोंडात दातांच्या तीन-तीन रांगा, आणि एवढ्या सगळ्या अवताराचा आवाज मात्र पिल्लाचा. होमरच्या ओडिसीत, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरून घरी निघालेल्या ऑडिसिअसच्या काव्यात, बाराव्या सर्गात हे आहे आणि मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दातांपेक्षा त्या आवाजानेच माझ्या अंगावर काटा आला होता.

आता नेटवर स्किलाचं चित्र शोधून बघा. बहुतेक ठिकाणी वेगळीच स्किला दिसेल, कमरेपर्यंत सुंदर तरुणी, खाली माशाची शेपटी आणि कमरेच्या घेराला कुत्र्यांची तोंडं फुटलेली. मग खरी कुठली? दोन्ही खऱ्या, दोन्ही ग्रीकच, फक्त पहिली साधारण इ.स.पू. ७०० च्या आसपासच्या काव्यातली आहे आणि दुसरी ग्रीक कलाकारांनी इ.स.पू. पाचव्या शतकापासून रंगवलेली, कोरलेली आहे. सिसिलीतल्या अक्रागास शहराचं त्या काळातलं एक चांदीचं नाणं आहे, त्यावर वर मोठा खेकडा आणि त्याच्याखाली ही दुसरी स्किला, अगदी स्पष्ट.

तर पहिली सवय ही लावून घ्या. एखादा प्राणी समोर आला की तो दिसतो कसा हे विचारायच्या आधी, हे कोणी सांगितलंय आणि कधी सांगितलंय, हे विचारायचं. ग्रीक पुराणकथांचा एकच एक प्रमाण ग्रंथ नाही, हजारेक वर्षं वेगवेगळे कवी, नाटककार, मडकी रंगवणारे, प्रवासी, रोमन लेखक असे सगळे आपापली भर घालत गेले, त्यामुळे "ग्रीक पुराणात असं आहे" हे वाक्य ऐकलं की लगेच पुढचा प्रश्न, कुणाच्या? हे एकदा अंगवळणी पडलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. उरलेला निम्मा कसा सोडवायचा ते खाली सांगते.

आधी नावांचं मिटवून टाका

ही पायरी कंटाळवाणी आहे पण टाळू नका. ग्रीक नावं आपल्याकडे दोन रस्त्यांनी आलीत, एक थेट ग्रीकमधून आणि दुसरा लॅटिन-इंग्रजीमधून, त्यामुळे एकच प्राणी दोन नावांनी भेटतो आणि आपण दोन वेगळे समजून बसतो. केटोस आणि सीटस एकच. जादूगारीण देवी किर्के आणि सर्सी एकच. हेराक्लीज आणि हर्क्युलिस एकच, ऑडिसिअस आणि युलिसिस एकच. स्किलाला कोणी सिला लिहितं, कोणी स्किल्ला. साधी खूण म्हणजे ग्रीकमधला 'क' लॅटिनमार्गे येताना बऱ्याचदा 'स' होतो. कुठलंही एक रूप धरा आणि तुमच्या वहीत शेवटपर्यंत तेच ठेवा. मी इथे जी जास्त ओळखीची वाटतात ती वापरतेय.

आणि हो, केटोस हे कुणा एकाचं नाव नाहीये. तो जातिवाचक शब्द आहे, म्हणजे समुद्रातला कुठलाही अजस्र प्राणी, देवमासा असो की राक्षस. यावर पुढे येते.

मग वंशावळ काढा, पण छोटीच

एक मोठा कागद घ्या आणि हेसिअड या जुन्या ग्रीक कवीच्या थिओगनी या देवांच्या वंशावळीच्या काव्यातलं एकच घराणं काढा, सगळे देव काढायला गेलात तर दोन दिवसांत सोडून द्याल. वर पृथ्वी म्हणजे गाया आणि समुद्र म्हणजे पॉन्टोस. त्यांची मुलं नेरिअस, थाउमास, फॉर्किस, केटो आणि युरिबिया. बास, इथून खाली उतरायचं.

नेरिअस हा भला म्हातारा, खोटं न बोलणारा, त्याला डोरिसपासून पन्नास मुली झाल्या, त्या नेरिड. थाउमासच्या मुली म्हणजे इंद्रधनुष्याची आयरिस आणि वाऱ्यासारख्या धावणाऱ्या हार्पी. आणि फॉर्किस-केटो हे भाऊबहीण नवरा-बायको, यांच्या पोटी जन्मतःच पिकल्या केसांच्या ग्राया, तिघी गॉर्गन म्हणजे स्थेनो, युरिएली आणि मेडुसा, आणि सोन्याची सफरचंदं राखणारा साप. अर्धी सुंदर तरुणी आणि अर्धी सापीण असलेली एकिडना साधारण इथेच येते, पण हेसिअडच्या ओळीत नुसतं 'तिने जन्म दिला' एवढंच आहे आणि ती म्हणजे नेमकी कोण यावर अभ्यासक अजून भांडतात, तेव्हा तिच्यावरची रेघ तुटक काढा.

कागद पूर्ण झाला की एक गोष्ट आपोआप दिसते, मला तरी ती कागद काढेपर्यंत कधी दिसली नव्हती. मेडुसा समुद्राच्या घराण्यातली आहे! आपण तिला गुहेतली सापांच्या केसांची बाई म्हणून ओळखतो, पण तिचे आईबाप दोघंही समुद्रातले, तिच्याशी संग करणारा पोसायडन समुद्राचा देव, आणि पर्सिअस या वीराने मान कापल्यावर तिच्यातून उसळून बाहेर आलेला पंखांचा घोडा पेगॅसस हे त्या पोसायडनचंच लेकरू. म्हणजे पुढे पर्सिअस समुद्रराक्षसाला मारतो तेव्हा तो एकाच घराण्याच्या मागे दुसऱ्यांदा लागलेला असतो.

अजून एक, ग्राया किती हे विचारलं तर हेसिअड दोन नावं देतो, नंतरचे लेखक तीन म्हणतात आणि तिघींत मिळून एक डोळा आणि एक दात. हे सुद्धा कागदावर बाजूला लिहून ठेवा, पुन्हा तोच प्रश्न, कोणी आणि कधी.

ओडिसीचा बारावा सर्ग सावकाश वाचा

कोशातल्या नोंदी वाचून सुरुवात करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कोशात स्किला चार ओळींत संपते आणि तुम्हाला वाटतं कळली. बारावा सर्ग एका बैठकीत वाचून होतो, जो अनुवाद मिळेल तो घ्या, आणि गाण्याने खलाशांना ओढून घेणाऱ्या सायरन, स्किला, कॅरिब्डिस सगळ्या तिथे एकामागोमाग एक भेटतात.

वाचताना प्रत्येकीसाठी चारच गोष्टी टिपायच्या. ती राहते कुठे, करते काय, तिच्यापासून सुटायचा उपाय काय सांगितलाय, आणि तो उपाय माणसाने खरंच पाळला का. ही चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण कथा तिथेच असते.

स्किलाचं घेऊ. राहते कुठे, तर एका कड्यात, ज्याचं टोक कायम ढगात असतं आणि जो इतका गुळगुळीत आहे की वीस हात आणि वीस पाय असलेल्या माणसालाही चढता येणार नाही. कड्याच्या मध्यावर पश्चिमेकडे तोंड केलेली गुहा, इतकी उंच की खालच्या जहाजातून धडधाकट माणसाने सोडलेला बाणही पोचणार नाही. ती कमरेपर्यंत गुहेत आणि डोकी बाहेर, आणि त्या डोक्यांनी मासेमारी करते, डॉल्फिन, शार्कसारखे मासे, मिळालाच तर एखादा मोठा केटोस. जहाज गेलं की प्रत्येक डोक्याला एक माणूस.

समोरचा कडा बुटका, बाणाच्या टप्प्यात, त्यावर पानांनी गच्च भरलेलं मोठं अंजिराचं झाड आणि त्याच्याखाली कॅरिब्डिस. ती दिवसातून तीनदा काळं पाणी गिळते आणि तीनदा ओकते. ओकते तेव्हा मोठ्या जाळावरच्या कढईसारखं पाणी उकळतं, गिळते तेव्हा खालची काळी वाळू उघडी पडते. लक्षात घ्या, होमर तिचा चेहरा, हात, दात काहीच सांगत नाही. कॅरिब्डिसचं चित्र म्हणून दातांच्या गोल रांगांचं जे अक्राळविक्राळ तोंड दाखवतात ते होमरचं नाही. होमरकडे फक्त पाणी आहे आणि पाण्याला एक नाव आहे, मला विचाराल तर हे जास्त भीतीदायक आहे.

आता उपाय. किर्के ऑडिसिअसला सांगते की स्किलाच्या बाजूने जा, सगळं जहाज जाण्यापेक्षा सहा माणसं गेलेली परवडली. तो विचारतो, मी तिच्याशी लढू का? किर्के त्याला झापतेच, अरे ती मर्त्य नाही, तिच्यावर इलाज नाही, पळून जाणं हाच शहाणपणा, हत्यारं चढवत थांबलास तर ती दुसऱ्यांदा सहा डोक्यांनी सहा माणसं नेईल. जोरात वल्ही मारा आणि तिची आई क्रातायस हिला हाक मारा.

आणि तो काय करतो? चिलखत चढवतो, दोन भाले घेतो, जहाजाच्या नाळेवर उभा राहतो आणि कड्याकडे बघत राहतो, डोळे थकतात पण ती दिसत नाही. माणसांना त्याने स्किलाबद्दल सांगितलेलंच नाही, घाबरून वल्ही टाकतील म्हणून. सगळ्यांचं लक्ष कॅरिब्डिसच्या घुसळणाऱ्या पाण्याकडे असताना सहा जण वर उचलले जातात, आणि तो मागे वळून बघतो तेव्हा त्यांचे हातपाय हवेत आहेत आणि ते शेवटचं त्याचं नाव घेऊन ओरडतायत. होमर इथे उपमा देतो कोळ्याची, खडकावर लांब काठी घेऊन बसलेला कोळी तडफडणारा मासा पाण्याबाहेर फेकतो तशी. समुद्रावर जे जे भोगलं त्यात याच्याइतकं करुण काही पाहिलं नाही, असं ऑडिसिअस स्वतः म्हणतो.

आपल्याकडे दोन्हीकडून कोंडी झाली की इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, आणि स्किला-कॅरिब्डिस समजावताना बहुतेक मराठी लेखांत हीच म्हण देतात. म्हण छान आहे पण इथे ती पुरती बसत नाही, कारण आडात पडा नाहीतर विहिरीत, दोन्ही सारखंच. होमरच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एका बाजूला सहा माणसं नक्की जाणार, दुसऱ्या बाजूला वेळ साधली तर कोणीच नाही आणि चुकली तर सगळेच. कर्णधाराला हिशोब करावा लागतो आणि कुठले सहा ते मात्र त्याच्या हातात नसतं. हा फरक वहीत ठळक लिहा.

जागेचं म्हणाल तर होमर नकाशा देत नाही. पण इ.स.पू. पाचव्या शतकातच ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजने लिहून ठेवलंय की सिसिली आणि इटलीच्या मधली जी सामुद्रधुनी तीच कॅरिब्डिस. मेसिनाची सामुद्रधुनी म्हणजे, सगळ्यात चिंचोळी जागा जेमतेम तीन किलोमीटरची. दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र, दोघांच्या भरतीच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे साधारण दर सहा तासांनी प्रवाह उलटा फिरतो आणि भोवरे तयार होतात. इटलीच्या किनाऱ्यावर शिल्ला नावाचं गाव आजही कड्याला धरून आहे. नकाशा उघडून ही जागा एकदा बघाच, दोन कडे बाणाच्या टप्प्यात नाहीत हे लगेच कळतं, पण गिळणारं आणि ओकणारं पाणी कुठून आलं तेही कळतं.

याच सर्गाच्या शेवटी ऑडिसिअस परत कॅरिब्डिसवर येतो, या वेळी एकटा, फुटलेल्या जहाजाच्या डोलकाठीवर बसून. ती पाणी गिळत असताना तो उडी मारून त्या अंजिराला पकडतो आणि वटवाघळासारखा लटकून राहतो, खाली पाय टेकायला जागा नाही, वर चढायला फांदी हाताशी नाही. किती वेळ? चौकात दिवसभर तंटे सोडवून न्यायाधीश रात्रीच्या जेवणाला उठतो त्या वेळेपर्यंत. मग ती लाकडं वर येतात. झाडाचा उल्लेख किर्केने आधी उगाच केला नव्हता.

सायरनची शेपटी काढून टाका

सायरन म्हणजे जलपरी हे डोक्यातून काढायचं. होमर त्यांचं रूप सांगतच नाही, दोघी आहेत एवढं त्याच्या व्याकरणावरून कळतं, कुरणात बसल्यात आणि भोवती कुजणाऱ्या माणसांच्या हाडांचा ढीग. ग्रीक कलेत त्या पक्षी असतात, अंग पक्ष्याचं आणि डोकं बाईचं. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. ४८० ते ४७० च्या सुमाराचं एक लाल आकृत्यांचं भांडं आहे, इटलीत वुल्चीला सापडलेलं, त्यात ऑडिसिअस डोलकाठीला बांधलेला, दोन सायरन कड्यांवर आणि तिसरी डोळे मिटून डोकं खाली करून समुद्रात कोसळतेय. माशाची शेपटी त्यांना मध्ययुगात चिकटली, म्हणजे हजार वर्षांहून जास्त काळानंतर.

आणि गाणं कसलं होतं ते नीट वाचा, कारण तिथे प्रेमाची भुरळ वगैरे काही नाही. त्या म्हणतात, ट्रॉयला ग्रीकांनी आणि ट्रोजनांनी काय काय सोसलं ते आम्हाला माहितीये, पृथ्वीवर जे जे घडतं ते सगळं माहितीये, ये आणि शहाणा होऊन जा. ज्या माणसाची दहा वर्षं त्या युद्धात गेली त्याला दाखवलेलं आमिष आहे हे. गाणं ऐकू येऊ नये म्हणून घातलेलं मेण बाकीच्यांच्या कानात आहे, त्याच्या नाही, तो डोलकाठीला दोराने बांधलेला आहे.

उपाय दोन लक्षात ठेवा कारण दोन कवींचे आहेत. होमरकडे मेण आणि दोर. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या अपोलोनिअसच्या काव्यात अर्गो जहाज तिथून जातं तेव्हा ऑर्फिअस हा गायक आपली वीणेसारखी लायर इतकी जोरात छेडतो की त्यांचा आवाजच बुडतो, तरी ब्युटीस नावाचा एक जण उडी मारतोच आणि त्याला प्रेमाची देवी अफ्रोडायटी वाचवते. चित्रात दोर दिसला तर ऑडिसिअस, वाद्य दिसलं तर ऑर्फिअस असण्याची शक्यता जास्त.

आपण भोंग्याला सायरन म्हणतो ना, तो शब्दही इथूनच. १८१९ साली फ्रेंच संशोधक कान्यार द ला तूरने आवाज काढणारं एक यंत्र बनवलं जे पाण्याखालीही वाजायचं, म्हणून त्याने त्याला हे नाव दिलं.

केटोस दिसला की हातातलं हत्यार बघा

केटोसच्या दोन मोठ्या कथा आहेत आणि दोन्हींत राजकन्या किनाऱ्यावर ठेवलेली असते, म्हणून सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पहिली अँड्रोमेडाची. इथिओपियाचा राजा सेफिअस, राणी कॅसिओपिया बढाई मारते की नेरिडपेक्षा मी सुंदर, पोसायडन पूर आणि केटोस पाठवतो, अमोन देवाचा कौल येतो की मुलगी द्या, आणि पर्सिअस येतो. दुसरी हेसायनीची. ट्रॉयचा राजा लाओमेडॉन अपोलो आणि पोसायडनकडून तटबंदी बांधून घेतो आणि मजुरी बुडवतो, म्हणून केटोस, आणि तिथे हेराक्लीज येतो. त्याला बक्षीस म्हणून दिव्य घोडे कबूल केलेले असतात आणि लाओमेडॉन त्यालाही बुडवतो. एका घरात बढाई, दुसऱ्या घरात बुडवलेली मजुरी, राक्षस दोन्हीकडे समुद्रदेवाची वसुली करायला आलेला आहे, हे धरून ठेवलं की कथा मिसळत नाहीत.

चित्रात ओळखायचं तर धनुष्य म्हणजे हेराक्लीज, विळ्यासारखी तलवार, पंखांची पादत्राणं आणि खांद्याला पिशवी म्हणजे पर्सिअस. पण अपवाद आहेत. बर्लिनला इ.स.पू. सहाव्या शतकातलं कॉरिंथचं एक भांडं आहे, त्यात पर्सिअस चक्क दगड फेकतोय, बाजूला अँड्रोमेडा उभी आहे, आणि सुदैवाने चित्रकाराने तिघांचीही नावं लिहून ठेवलीत. बॉस्टनच्या म्युझियममध्ये त्याच शतकातलं, तेही कॉरिंथचंच, दुसरं भांडं आहे, हेराक्लीज बाण मारतोय, हेसायनी स्वतः दगड फेकतेय आणि राक्षस म्हणजे कड्यातून बाहेर आलेली नुसती पांढरी कवटी. ती कवटी जमिनीतून उघड्या पडलेल्या जीवाश्मासारखी दिसते आणि चित्रकाराने तसं काही पाहिलं असावं असा एक अंदाज मांडला गेलाय. सिद्ध काही नाही, पण ते भांडं बघितल्यावर मला तो अंदाज सोडवत नाही.

मेडुसाचं डोकं दाखवून केटोसचा दगड केला, हे सगळ्यांना पाठ असतं. इ.स. ८ च्या सुमारास लिहिणाऱ्या रोमन कवी ओव्हिडकडे मात्र पर्सिअस त्याला तलवारीनेच मारतो, आणि मग हात धुवायला जाताना मेडुसाचं डोकं समुद्रवनस्पतींवर ठेवतो, त्या कडक होतात, आणि ते पोवळं. डोक्याने दगड करणं हे दुसऱ्या सांगणाऱ्यांचं.

हाडांची एक नोंद तर तुम्हाला नक्की आवडेल. रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की मार्कस स्कॉरस या रोमन अधिकाऱ्याने, अँड्रोमेडाला ज्याच्यापुढे ठेवलं होतं त्या राक्षसाची हाडं म्हणून जोप्पा म्हणजे आजच्या याफाहून आणलेला सांगाडा रोममध्ये लोकांना दाखवला. इ.स.पू. ५८ ची गोष्ट. लांबी ४० फूट, पाठीचा कणा दीड फूट जाड, आणि बरगड्यांची उंची हिंदुस्थानी हत्तींपेक्षा जास्त. मोजमापं बघून बहुतेक लोक देवमासाच म्हणतात.

केटोस आकाशातही आहे आणि मराठीत त्याला फार सुरेख नाव आहे, तिमिंगल. त्याच्या जवळपास कॅसिओपिया, अँड्रोमेडा, पर्सिअस, सेफिअस सगळं कुटुंब आहे, पण मराठी तारकानकाशात त्यांना शर्मिष्ठा, देवयानी, ययाती आणि वृषपर्वा म्हणतात, म्हणजे तेच तारे आणि कथा पूर्ण वेगळी. ग्रीक कथा आकाशात शोधताना ही नावांची जोडी शेजारी-शेजारी लिहून घ्या नाहीतर सापडणार नाही.

अर्धे-मुर्धे प्राणी

हे पटकन. पुढून घोडा, मागून मासा तो हिप्पोकॅम्पस, पोसायडनच्या रथाला जुंपलेला दिसतो. होमरच्या इलियडमध्ये मात्र पोसायडनचे घोडे पितळी खुरांचे साधे घोडेच आहेत आणि लाटांवरून धावतात, शेपटी नाही. मेंदूतल्या एका भागालाही हेच नाव आहे, १५८७ मध्ये अरांतिउस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तो भाग समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून दिलेलं.

वरून माणूस, खालून मासा आणि हातात शंख, तो ट्रायटन, पोसायडन आणि त्याची बायको, समुद्रदेवी अँफिट्रायटी यांचा मुलगा. पण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस वाचा, त्याच्याकडे ट्रायटन हा देवाचा मुलगा वाटतच नाही, किनाऱ्यावर त्रास देणारं जनावर वाटतं. तनाग्रा गावात हा ट्रायटन गुरं पळवायचा आणि छोट्या होड्यांवर हल्ले करायचा, मग लोकांनी दारूचं भांडं भरून ठेवलं, तो प्यायला, किनाऱ्यावर झोपला आणि एकाने कुऱ्हाडीने मुंडकं उडवलं, म्हणून तिथली मूर्ती बिनडोक्याची. पॉसेनिअस पुढे सांगतो की त्याने रोममध्येही एक ट्रायटन पाहिला आणि वर्णन देतो, केस दलदलीतल्या बेडकांच्या रंगाचे, अंगावर बारीक खवले, कानांखाली कल्ले, नाक माणसाचं, तोंड रुंद आणि दात जनावराचे, नखं शिंपल्यासारखी, पायांऐवजी डॉल्फिनची शेपटी. इतक्या बारकाईने लिहिलंय की त्याने काहीतरी नक्की पाहिलं होतं असं वाटत राहतं.

प्रोटिअसला कसं पकडायचं

ग्रीकांनी स्वतःच लिहून ठेवलेली कृती हवी असेल तर ओडिसीचा चौथा सर्ग उघडा. ट्रॉयहून घरी निघालेला राजा मेनेलाउस इजिप्तजवळच्या फारोस बेटावर अडकलाय, वारा नाही, आणि समुद्राचा म्हातारा प्रोटिअस याला सगळं माहिती असतं पण तो हाती लागत नाही. त्याचीच मुलगी एडोथिया सगळी युक्ती सांगते. तीन विश्वासू माणसं निवड. दुपारी तो बाहेर येईल, सीलांना पाच-पाच करून मोजेल आणि त्यांच्यामध्ये झोपेल. ती स्वतः चार सीलांची ताजी सोललेली कातडी आणून यांच्यावर पांघरते, वास इतका असह्य की नाकाखाली अमृत लावावं लागतं. मग झडप घालायची आणि सोडायचं नाही. तो सिंह होईल, साप होईल, बिबट्या, रानडुक्कर, वाहतं पाणी, उंच झाड होईल. आवळून धरा. परत मूळ रूपात येऊन स्वतःहून बोलायला लागला की मगच सोडा आणि काय ते विचारा.

स्किलाशी लढायचं नाही आणि प्रोटिअसला सोडायचं नाही, एकाच काव्यात दोन उलट सल्ले, आणि दोन्ही वेळा सांगणारी देवी आहे. तुमच्या वहीतला उपायांचा रकाना इथे कामाला येतो.

कोणाला यादीतून काढायचं

क्रॅकन काढा. तो उत्तरेचा, नॉर्वेकडच्या दर्यावर्दींच्या गोष्टींतला, ग्रीकांना ठाऊकच नव्हता, सिनेमामुळे पर्सिअसच्या कथेत शिरलाय. लेविआथन हिब्रू परंपरेतला, त्यालाही वेगळं पान द्या. हायड्रा ग्रीकच आहे पण ती लेर्नाच्या दलदलीतली, गोड्या पाण्यातली, तिला समुद्रात टाकू नका. ट्रॉयचा पुजारी लाओकोऑन याला आणि त्याच्या मुलांना मारणारे दोन साप मात्र ठेवा, रोमन कवी व्हर्जिलकडे ते टेनेडोस बेटाकडून समुद्र कापतच येतात. त्यांचं संगमरवरी शिल्प १५०६ मध्ये रोममध्ये जमिनीखाली सापडलं आणि आता व्हॅटिकनमध्ये आहे.

एवढं झालं की शेवटी ओडिसीचा पाचवा सर्ग वाचा, मुद्दाम शेवटी. ऑडिसिअसचा तराफा फुटलाय, दोन दिवस आणि दोन रात्री तो नुसता पोहतोय, तिसऱ्या दिवशी जमीन दिसते पण किनाऱ्यावर सगळे खडक आणि फुटणाऱ्या लाटा. तेव्हा तो मनाशी म्हणतो, अँफिट्रायटी इतके केटोस पोसते, त्यातला एखादा कुठला तरी देव आता माझ्या अंगावर सोडेल. वाचताना आपणही खाली काळ्या पाण्यात बघायला लागतो. येत काहीच नाही. तो किनाऱ्याकडे बघत बघत पोहत राहतो, एका नदीचं मुख लागतं, तो नदीला विनवतो, आणि नदी आपला प्रवाह थांबवते.